पंचकोनाचा पाचवा कोन

पंचकोनाचे चार आंतरकोन १००, ९५, १२० आणि ११५ अंश, पाचवा किती? सातवी-आठवीतली मुले ५४० मधून ४३० वजा करतात आणि ११० लिहून मोकळी होतात. ५४० कुठून आले, असे विचारले की सूत्र ऐकू येते: बाजूंच्या संख्येतून २ वजा करा, १८० ने गुणा. हे सूत्र आपल्या वहीत कुठून आले, याचा माग काढताना बीडमधून निघणे वावगे नाही. गणिती भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे सांगितले आहे आणि ते म्हणजे बीड, असे काही अभ्यासकांनी मानले. चाळीसगावजवळच्या पाटणचा दावा अधिक भक्कम आहे. त्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख तिथे आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ ग्रंथ फारसीत आणताना त्यांना बिदरचे म्हटले. वाद गावाचा आहे, ग्रंथाचा नाही.

११५० च्या ‘लीलावती’त बहुभुज आहेत, त्यांचे आंतरकोन मात्र नाहीत. भास्कराचार्य वर्तुळाचा व्यास १,२०,००० धरतात आणि त्यात बसणाऱ्या सुसम आकृत्यांच्या बाजू देतात: त्रिकोणाची १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षट्कोनाची ६०,०००, सप्तकोनाची ५२,०५५, अष्टकोनाची ४५,९२२ आणि नवकोनाची ४१,०३१.

आज कॅल्क्युलेटरवर पडताळले तर सप्तकोन आणि नवकोन सोडून सगळ्या संख्या एककापर्यंत जुळतात. सप्तकोनाला ५२,०६६ हवे, नवकोनाला ४१,०४२. दोन्ही ठिकाणी ११ कमी. त्या काळचे ‘ज्या’चे (आजच्या साइनचे) कोष्टक पावणेचार अंशांच्या पायऱ्यांचे होते. त्रिकोण, चौरस, षट्कोन आणि अष्टकोन यांना लागणारे ६०, ४५, ३० आणि साडेबावीस अंश नेमके पायरीवर पडतात. पंचकोनाच्या ३६ अंशांची ज्या भास्कराचार्यांना स्वतंत्र रीतीने ठाऊक होती. सप्तकोन आणि नवकोन दोन पायऱ्यांच्या मधे पडतात, आणि फरक नेमका तिथेच दिसतो.

म्हणजे या हिशेबाच्या पोटात कोन आहेच. परिघाचे सात समान भाग केले की प्रत्येक भाग ३६० भागिले ७ अंशांचा होतो, आणि सुसम सप्तकोनाचा बाह्यकोनही तेवढाच असतो. पण तो तिथे चाप म्हणून येतो, आणि मिळवायची असते ती त्याची जीवा, म्हणजे बाजू. आतला कोन किती, हे विचारायचे कारणच पडले नव्हते.

चौकोनाबाबत तर भास्कराचार्य चांगलेच खडसावतात. चार बाजू सांगून, कर्ण किंवा लंब न सांगता, चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा त्यांच्या लेखी पिशाच आहे, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच. चार बाजू त्याच ठेवून चौकोन कलता करता येतो, हे त्यांनी पुरते ओळखले होते. आकृती पक्की करायला आज आपण एखादा कोन देऊ. त्यांनी कर्ण किंवा लंब मागितला.

आंतरकोनांच्या बेरजेचा प्रश्न ग्रीकांकडचा. कोणत्याही सरळ बाजूंच्या आकृतीचे बाह्यकोन मिळून चार काटकोन होतात, हे ॲरिस्टॉटल इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात तर्कशास्त्राचे उदाहरण म्हणून वापरतो. युक्लिडने पहिल्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या प्रमेयात त्रिकोणापुरतेच सांगितले. ग्लासगोच्या रॉबर्ट सिमसनने १७५६ च्या आवृत्तीत त्याला बहुभुजाची दोन उपप्रमेये जोडली, आणि इंग्रजी शाळांमधला युक्लिड बराच काळ याच वळणाचा राहिला. त्याआधी जगन्नाथ सम्राटांनी सवाई जयसिंहांसाठी अरबीतून संस्कृत ‘रेखागणित’ केले होते, पण शाळेपर्यंत पोचली ती इंग्रजी वाट. बीड मात्र निजामाच्या राज्यात होते, तिथे सरकारी शिक्षण उर्दूतून चाले. १९४८ नंतर मराठी आली, आणि १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांतून हे सूत्र घरोघर गेले.

शेताच्या मोजणीत मात्र जुनी रीतच टिकली. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूरकडे सुरू केलेल्या मोजणीत ३३ फुटी साखळी आणि काटकोन दाखवणारे साधे यंत्र असे. वेड्यावाकड्या शेतातून एक लांब रेषा घ्यायची, बांधाच्या प्रत्येक वळणावरून तिच्यावर लंब टाकायचा आणि त्रिकोण-समलंब करून गुंठे काढायचे. निजामाच्या मुलखातही पुढे याच धर्तीवर मोजणी झाली. बांधाचे कोन कुणी मोजत नव्हते. कर्ण आणि लंब पुरत होते.

कोनांची बेरीज कामाला आली ती कोन मोजणाऱ्या थिओडोलाइट यंत्राबरोबर. ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्टनने १८१५ मध्ये बिदरजवळ पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची साखळी पुढे नेली. अनेक टप्प्यांनी फिरून मूळ खुणेवर येणाऱ्या मोजणीत आंतरकोनांची बेरीज सूत्राशी ताडून पाहतात. फरक आला तर चूक मोजण्यात. मात्र भल्यामोठ्या त्रिकोणांत बेरीज १८० च्या वर जाते, कारण पृथ्वी गोल आहे: साधारण २०० चौरस किलोमीटरला एक विकला. शेताला त्याची झळ लागत नाही.

या साऱ्या वंशावळीत बाह्यकोन थोरला आहे आणि समजायलाही सोपा. बांधावरून शेताला एक फेरी घाला, प्रत्येक कोपऱ्यावर किती वळलात ते मिळवत जा. निघताना जिकडे तोंड होते तिकडेच पुन्हा तोंड होईतो तुम्ही एक पूर्ण गिरकी घेतलेली असते: ३६० अंश, बाजू पाच असोत की पन्नास. (बांध आत शिरला असेल तर उलटे वळण वजा धरायचे.) सुरुवातीच्या पंचकोनात बाह्यकोन ८०, ८५, ६० आणि ६५, मिळून २९०, उरले ७०, म्हणून आतला कोन ११०. आणि ५४० चा उगमही इथेच आहे: पाच कोपऱ्यांवर आतला आणि बाहेरचा मिळून १८०, म्हणजे एकूण ९००, त्यातून गिरकीचे ३६० गेले.

शिक्षकांनी सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना मैदानात आखलेल्या पंचकोनावरून एकदा चालवावे. सूत्र मग मुले स्वतःच काढतील.