परातीतली राख आणि लोणारचा कडा

32 वर्षं मेहकर भागात भूगोल शिकवला. चंद्रावरच्या विवरांचा विषय निघाला की घरून परात आणि चुलीतली चाळलेली राख न्यायचो. मुलं वरून गोटी टाकायची. गोल खळगा पडे, भोवती कड उभी राही, राखेचे फराटे लांबवर उडत. एकदा सातवीतल्या एका मुलीनं गोटी तिरकी मारली. खळगा लांबट पडला. तिनं विचारलं, "सर, चंद्रावरची विवरं गोल आहेत. मग सगळे दगड सरळ वरूनच पडले का हो?"

याच प्रश्नानं ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे थोर भूवैज्ञानिक अडले होते. 1892 मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत त्यांनी 18 रात्री चंद्र पाहिला. विवरं म्हणजे विझलेले ज्वालामुखी, असं तेव्हा बहुतेक जण मानत. ती आघातानं झाली, असं गिल्बर्टनी मांडलं. पण गोलाईचं कोडं त्यांना छळत राहिलं. उत्तर वेगात होतं. सेकंदाला 15-20 किलोमीटर वेगानं आलेला दगड गोटीसारखा रुतत नाही, त्याची ऊर्जा स्फोटासारखी सुटते. धक्का चहूकडे सारखा पसरतो. म्हणून दगड बराच तिरका आला तरी विवर गोलच होतं, आणि दगडाच्या कितीतरी पट मोठं.

1896 मध्ये गिल्बर्टनी ॲरिझोनातल्या विवराचं आमच्या लोणारच्या विवराशी साम्य दाखवलं आणि ॲरिझोनाचं विवर वाफेच्या स्फोटाचं ठरवलं. पुढे ते आघाताचंच निघालं. लोणारलाही ज्वालामुखी समजणं सोपं होतं, कारण चहूकडे दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच. गावाला ही जागा वेगळ्याच कारणांनी ठाऊक होती. विष्णूनं इथं लवणासुराला मारलं, म्हणून दैत्यसूदनाचं देऊळ. उन्हाळ्यात विवरातल्या खाऱ्या तळ्याचं पाणी ओसरलं की काठावर खार साचे. दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी त्याची प्रकारवार नावं होती.

1973 मध्ये लोणारच्या तळातून काढलेल्या खडकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मॅस्केलिनाइट सापडलं होतं. ही एक काच: मूळ खनिज वितळत नाही, प्रचंड दाबाच्या धक्क्यानं स्फटिकाचा आकार राखून त्याची काच होते. असा दाब ज्वालामुखीला जमत नाही, म्हणजे लोणारही आघाताचंच. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. म्हणून बेसाल्टमध्ये पडलेलं लोणारचं विवर चंद्राच्या अभ्यासकांना मोलाचं वाटतं.

चंद्रावर लिने नावाचं विवर आहे, व्यास 2.2 किलोमीटर. लोणार सुमारे 1.8 किलोमीटरचं. जवळपास एकाच मापाची ही भावंडं. पण लिने अर्ध्या किलोमीटरहून खोल आहे, लोणारची खोली कड्यापासून दीडशे मीटरच्या आसपास. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. बारीक उल्काकणांचा मारा खडक झिजवतो, पण दहा लाख वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर. लोणारला दर पावसाळ्यात कड्यावरची माती आत उतरते. तळाशी सुमारे 100 मीटर गाळ साचला आहे. ईशान्येला धार नावाच्या झऱ्याच्या पाण्यानं कडाच कापून काढला. त्याच वाटेनं आपण खाली उतरतो.

हा फरक कळावा म्हणून त्या मुलीच्या वर्गात दोन पराती ठेवल्या. एकीतल्या खळग्यावर तिनं हातानं पाणी शिंपडलं. कड ढासळली, आत चिखल झाला. दुसरी परात झाकून कपाटावर ठेवली. आठ दिवसांनी काढली, तर राखेचा फराटाही हललेला नव्हता.

सहलीला नेलं की कड्यावर मुलांना उलटलेले थर दाखवायचो. स्फोटानं वर उचलून बाहेर दुमडलेले खडक ते. तिथला खडा खिशात घालू देत नसे. झिजवायला पाऊस आहेच. आपला हात त्यात नको.