रौप्यपात्रे, दख्खनची

जेवण, विडा, अत्तर, गुलाबपाणी व हुक्का यांच्या सरबराईसाठी वापरली जाणारी चांदीची अथवा चांदी जडविलेली पात्रे. ताट, वाटी, पेला, तांब्या ही भोजनपात्रे, तर तबक, पानदान, खासदान, चौफुला, अत्तरदाणी, गुलाबदाणी, तस्त तसेच हात धुण्यासाठी लागणारी आफताबा व चिलमची ही सरबराईची पात्रे होत. चांदीचे पात्र ही एकाच वेळी कलावस्तू असते आणि घरात साठविलेले धनही असते. अडचणीच्या काळात दुसरे मूल्य पहिल्यावर मात करते व पात्र मुशीत जाते. त्यामुळे जुन्या रौप्यपात्रांचा संग्रह हा मुख्यतः वितळण्यापासून वाचलेल्या वस्तूंचा संग्रह असतो.

इतिहास : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे या पात्रांच्या वापराचे एक प्रमुख केंद्र होते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या नगरास औरंगजेबाच्या सुभेदारीत १६५३ मध्ये औरंगाबाद हे नाव मिळाले. पुढे ते आसफजाही राज्याची राजधानी झाले आणि १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलविण्यात आली. मोगल व निजामी दरबारांच्या रिवाजात पाहुण्याचे स्वागत अत्तर व गुलाबपाण्याने होई आणि भेटीचा शेवट विड्याने होई. मराठी सरदार घराण्यांतही अत्तरगुलाब व पानसुपारी हा समारंभाचा आवश्यक भाग होता. या समान शिष्टाचारामुळे हिंदू व मुसलमान घरांतील पात्रांच्या घाटांत बरेच साम्य आढळते. देवपूजेतील पंचपात्र, पळी, निरांजन यांचा घाट मात्र स्वतंत्र राहिला.

निर्मिती व नाश : शुद्ध चांदी मऊ असल्याने पात्रासाठी तीत थोडे तांबे मिसळतात. पत्रा ठोकून आकार देणे, उठावकाम, कोरीवकाम व तारकाम या सजावटीच्या मुख्य पद्धती होत. तारकामासाठी पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील करीमनगर (सध्या तेलंगण राज्यात) प्रसिद्ध आहे. ग्राहकाने दिलेले चांदीचे रुपये आटवून त्यांची पात्रे किंवा दागिने घडविण्याची चाल देशभर होती. नाण्याचे पात्र होई, तसेच पात्राचे पुन्हा नाणे होऊ शके. १६८९ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने युद्धखर्चासाठी व्हर्साय येथील राजवाड्यातील चांदीचे सामान वितळविले. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमधील शेतकऱ्यांच्या घरचे रुपे मुंबईच्या टांकसाळीपर्यंत पोहोचले. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा जागतिक भाव औंसाला सु. ५० डॉलरपर्यंत चढला, तेव्हाही अनेक देशांत जुनी पात्रे मोडीत निघाली. सराफाच्या तराजूत वजन व कस यांनाच किंमत असल्याने घडणावळ, वय व घराण्याचा इतिहास यांची नोंद न होताच पात्र नाहीसे होते.

बिदरी पात्रे : या नाशातून बिदरी पात्रे तुलनेने अधिक वाचली, याचे कारण त्यांच्या धातूत आहे. बिदरी पात्राचा गाभा जस्तात अल्प प्रमाणात तांबे मिसळून ओतलेला असतो व चांदी केवळ पृष्ठभागावर असते. त्यामुळे पात्र वितळवून मिळणारी रक्कम पात्राच्या किंमतीच्या मानाने क्षुल्लक ठरते. या कलेचा उगम परंपरेने बहमनी काळात मानला जातो, तथापि उपलब्ध जुने नमुने सतराव्या शतकापासूनचे आहेत. ओतलेले पात्र कानशीने घासून मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात, त्यावर नक्षी कोरतात व खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. अखेरीस नवसागर व बीदरच्या किल्ल्यातील माती यांचा लेप तापविलेल्या पात्रावर चोळतात. त्याने मिश्रधातू कायमचा काळा होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. तारेच्या जडावास तारकशी व पत्र्याच्या जडावास तहनिशान म्हणतात. बीदर (सध्या कर्नाटक राज्यात) आणि औरंगाबाद ही १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थान व नंतरचे हैदराबाद राज्य यांत एकत्र होती. औरंगाबादेतही हे काम रुजले आणि तेथील कारागिरांनी अजिंठा येथील चित्रांतील आकृतिबंध त्यात आणले.

संग्रह : लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या बिदरी संग्रहाचा आरंभ १८५१ च्या जागतिक प्रदर्शनातील खरेदीपासून होतो. हैदराबाद येथील सालारजंग संग्रहालय १९५१ मध्ये खुले झाले. त्यातील वस्तू प्रामुख्याने तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान (१८८९–१९४९) यांनी जमविलेल्या असून त्यांत बिदरी पात्रांचा मोठा विभाग आहे. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी घरगुती वापराच्या वस्तू जमविल्या व १९७५ मध्ये आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सामान्य घरातील अडकित्ता किंवा पानाचा डबा हीदेखील इतिहासाची साधने आहेत, ही दृष्टी त्यांच्या कार्यामुळे महाराष्ट्रात दृढ झाली.

परीक्षण व जतन : इंग्लंडमधील चांदीवर परीक्षणगृहाचे, कारागिराचे व वर्षाचे ठसे असतात. दख्खनच्या जुन्या पात्रांवर ते सहसा नसतात. भारतात चांदीसाठी भारतीय मानक ब्यूरोची मुद्रांकन योजना २००५ मध्ये सुरू झाली. त्यामुळे काळ ठरविताना घाट, नक्षी, झीज व कोरलेली नावे यांवर भिस्त ठेवावी लागते. उदा., बिदरी हुक्क्याचे गोल बूड सामान्यतः जुने, तर घंटाकृती बूड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे मानतात. कसोटीच्या दगडाने चांदीचा कस कळतो, वय कळत नाही. ‘जर्मन सिल्व्हर’ हा तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी नसते. विद्युत् मुलाम्याची पात्रे १८४० नंतरची असतात. चांदीवरील काळेपणा हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे येतो. तो घालविण्यासाठी वारंवार घासल्यास उठावकाम झिजते. बिदरी पात्रास आम्ल लावल्यास मूळ काळा रंग नष्ट होतो.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान शंभर वर्षांची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते. तिच्या व्यापारास परवाना लागतो व खाजगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाही. मात्र घरातील जुने पात्र सराफाकडे मोडीस जाणे हा प्रकार व्यवहारात कायद्याच्या नजरेआड राहतो. म्हणून पात्राचे छायाचित्र, वजन, मापे, कोरलेला मजकूर, ते कोणत्या घरातून आले व कोणत्या प्रसंगी वापरीत ही माहिती वेळीच नोंदविणे हे संग्राहकाचे प्रथम कार्य होय. पात्र पुढे मुशीत गेले, तरी अशी नोंद अभ्यासकास उपलब्ध राहते; नोंदीवाचून जतन केलेले पात्र मात्र पुष्कळदा केवळ चांदीच ठरते.