बदकांची मोजदाद : बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

१२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या केवलादेव जलाशयावर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी शिकार भरवण्यात आली. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तिथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. शिकारी मोजत असत, आणि नीट मोजत असत. म्हणून पाणपक्ष्यांच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना, आपल्याला रुचो वा न रुचो, बंदूकवाल्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक असलेले ॲलन ह्यूम यांनी मार्शल यांच्यासह १८७९ ते १८८१ या काळात शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीस धारच्या पवार संस्थानात बदकांच्या पायांत ॲल्युमिनियमची कडी अडकवण्याचे काम सुरू झाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, असा मजकूर कड्यावर असे. कडे परत मिळायचे ते बहुधा कुणीतरी ते बदक मारल्यावरच! पाखरे कुठून येतात याचा पुरावा असा शिकाऱ्याच्या झोळीतून येई.

अमेरिकेत याच सुमारास वेगळे वळण लागले. १९३०च्या दशकातील दुष्काळात दलदली आटल्या आणि बदके झपाट्याने घटली. १९३४च्या कायद्याने सोळा वर्षांवरील प्रत्येक बदक-शिकाऱ्याला एक डॉलरचे तिकीट घेणे भाग पडले. पहिल्या तिकिटाचे चित्र जे. एन. डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढले होते. तिकिटांचा पैसा पाणथळ जागांसाठी वापरला जाऊ लागला. १९३७ मध्ये शिकाऱ्यांनीच 'डक्स अनलिमिटेड' ही संस्था काढली. पुष्कळशी बदके कॅनडात वीण करतात, म्हणून तिथल्या पाणथळी वाचवण्यासाठी स्वयंसेवक अमेरिकेत निधी जमवू लागले. उद्या मारायला बदके उरावीत, हा हेतू उघड होता. पण पाणी टिकले, हेही खरे.

आपल्याकडे १९१२च्या कायद्याने बदकांसाठी बंदीचा हंगाम ठरवण्याची सोय केली. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात त्या कायद्यातही लहान शिकारीचे परवाने होते. ते रद्द झाले १९९१च्या दुरुस्तीने. बंदूक गेली हे चांगलेच झाले. मात्र तळ्यात पाणी राहावे यात ज्याचा स्वार्थ होता, तो माणूसही तिच्याबरोबर गेला. त्याच्या जागी कोण?

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक अवघड होतो. भंडारा-गोंदियासारखी जुन्या तलावांची रेलचेल इथे नाही. हिवाळी पाहुण्यांना मोठे पाणी मिळते ते बोर, धाम, निम्न वर्धा अशा सिंचन प्रकल्पांवर. धरण ओसरू लागले की काठचा गाळ उघडा पडतो. पट्टकदंब हंसांना चरायला तीच जागा हवी असते आणि गाळपेरा करणाऱ्या शेतकऱ्यालाही तीच. मासेमारीच्या होड्या असतातच. यांत कुणाला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. अडचण कायद्यात आहे. २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे ज्या पाण्यावर हळदी-कुंकू बदके आणि वारकरी पक्षी शेकड्यांनी उतरतात, ते नियमाच्या भाषेत पाणथळच नव्हे!

तरीही दार बंद नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हाही गोदावरीवरच्या बंधाऱ्याचाच जलाशय. १९८६ मध्ये तो अभयारण्य झाला आणि पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरला. रामसरच्या निकषांपैकी दोन थेट पक्ष्यांच्या संख्येवर आधारलेले आहेत : नियमित वीस हजार पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येचा एक टक्का. ही संख्या आणायची कुठून? १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि ती मुख्यतः स्वयंसेवकच करतात. वर्ध्यात 'बहार नेचर फाउंडेशन'सारखी पक्षिमित्रांची संस्था आहे. शिक्षकांनी नववी-दहावीची चार मुले घेऊन अशा कामात जरूर सामील व्हावे.

पद्धत सोपी आहे. थव्यातली दहा बदके मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा आणि असे किती तुकडे होतात ते पाहायचे. ऊन पाठीशी ठेवायचे. तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि काठावर काय चालले आहे, तेही टिपायचे. दरवर्षी तोच जलाशय, तीच जागा. एकही बदक दिसले नाही तर वहीत शून्य लिहायचे. रकाना कोरा सोडायचा नाही.