परमिट रूम

परमिट रूम : महाराष्ट्रातील हॉटेल किंवा रेस्टॉरंटमध्ये परवान्याने विदेशी मद्य तिथेच बसून पिण्याची जागा. ‘विदेशी’ हा कायद्याचा शब्द. देशात तयार होणारी व्हिस्की, रम, बियरही त्यातच मोडते. नावातले परमिट मात्र मालकाचे नाही, पिणाऱ्याचे आहे.

याचे मूळ १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमात आहे. मोरारजी देसाई मुंबईचे गृहमंत्री असताना झालेल्या या कायद्याने आधी सगळेच बंद केले आणि मग अपवाद म्हणून परवाने ठेवले. १९५१ मध्ये या कायद्याला आव्हान देणाऱ्या बालसरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बराचसा भाग उचलून धरला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधनांवरचे निर्बंध मात्र रद्द केले. त्या काळी सामान्य माणसाला डॉक्टरी दाखल्यावर ‘हेल्थ परमिट’ काढावे लागे. ज्यांना ते जमत नसे त्यांच्यासाठी मुंबईत बेकायदा दारूचे ‘आंटीचे अड्डे’ होते. पुढे बंदी सैल झाली, परमिट उरले. आता अधिनियमाच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले असले तरी दारूबंदी हा शब्द शाबूत आहे; बार चालतो तो दारूबंदीच्या कायद्याखाली.

परमिट एक दिवसाचे, वर्षाचे किंवा आजीवन मिळते. एक दिवसाच्या परमिटाची पुस्तके गल्ल्यापाशी पडलेली असतात. नियमाने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावे पावती फाडायची. प्रत्यक्षात पहिला पेग टेबलावर येईपर्यंत नाव विचारल्याचे फारसे कुणाला आठवणार नाही. बियर-वाइनसाठी वय २१, कडक मद्यासाठी २५ पूर्ण लागते.

मालकाचा परवाना एफएल-३ या नावाने ओळखला जातो. तो राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नूतनीकरण शुल्क गावाच्या लोकसंख्येनुसार चढते, म्हणून मुंबईतला मालक तालुक्याच्या गावातल्यापेक्षा कितीतरी जास्त भरतो. नकाशात मंजूर झालेल्या जागेतच मद्य देता येते. शेजारच्या फॅमिली सेक्शनमध्ये ग्लास गेला की नियमभंग. शाळा व देवळापासूनचे अंतर, साठ्याची रोजची नोंदवही, ड्राय डे हे सगळे सांभाळावे लागते. सीलबंद बाटली घरी नेण्यासाठी विकता येत नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीत पडून राहिलेला साठा संपवण्यासाठी तेवढी सूट मिळाली होती.

सर्वांत मोठा हादरा बसला तो महामार्गांवर. डिसेंबर २०१६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली मद्यविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद केली. छोट्या वस्त्यांसाठी ते अंतर नंतर २२० मीटर झाले आणि जुलै २०१७ मध्ये शहरी हद्दीतल्या परवान्यांना मोकळीक मिळाली. त्या दरम्यान महामार्ग अवर्गीकृत करून घेण्यापासून दारापर्यंतची वाट वळवून लांबवण्यापर्यंत नाना युक्त्या देशभर झाल्या.

वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत परमिट रूम नाही, कारण तिथे पूर्ण बंदी आहे. चंद्रपूरमध्ये २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. इतरत्रही गावातल्या किंवा प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदानात दारूबंदीची खूण असलेल्या ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला, तर तिथले दारूचे परवाने बंद होतात.