सांडणीची वाट

पेशवाईतील कागदपत्रे चाळताना ‘सांडणीस्वार’ हा शब्द पावलोपावली भेटतो. सांडणी म्हणजे चालीची उंटीण. निरोप तातडीचा असला, की पायी धावणाऱ्या जासुदाऐवजी सांडणीस्वार रवाना होई. ‘सुतरनाळ’ हा असाच दुसरा शब्द; उंटाच्या पाठीवर बसविलेली लहान, फिरती तोफ. १७६१ साली पानिपतावर अब्दालीच्या अशा तोफांनी आपल्या फौजेला किती छळले, हे मी वर्गात दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, “गुरुजी, बार उडाल्यावर उंट पळून जात नसे?” (उंटाला खाली बसवून बार काढीत, हे त्याचे उत्तर.)

एवढे असूनही उंट हा आपल्या मुलखातला प्राणी नव्हे. सह्याद्रीच्या दगडधोंड्यांत आणि चिखलात त्याचे पाऊल ठरत नाही. आपल्या भाषेत मात्र त्याने कायमची जागा पटकावली आहे. ‘उंटावरचा शहाणा’ आणि ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ ह्या दोन्ही बोलांत बदनामी उंटाची नाही, वर बसलेल्याची आहे, हे कोणी ध्यानात घेत नाही एवढेच.

गेल्या माघात मी जैसलमेरला गेलो तो एका कादंबरीच्या निमित्ताने. ती कादंबरी अजून झालेली नाही आणि होईलसे वाटतही नाही. पण तेथे अर्ध्या दिवसाच्या एका सहलीत मला जो इतिहास भेटला, तो सांगण्याजोगा आहे. सहल अगदी ठरीव साच्याची. दुपारी तीनला जीप निघते, वाटेत कुलधरा नावाचे ओसाड गाव दाखविते, सूर्य मावळण्याआधी सम येथील वाळूच्या टेकड्यांपाशी नेते. तेथे घटकाभर उंटावरची रपेट, मग उघड्यावर जेवण, गाणेबजावणे, आणि रात्री दहाच्या सुमाराला माणूस आपल्या खोलीवर परत. गावातल्या निम्म्या दुकानांवर ह्याच सहलीच्या पाट्या आहेत. ह्या गावाला उंटाची अशी जाहिरात करावी लागावी, ह्याचे मला प्रथम नवल वाटले. कारण हे गाव उंटानेच उभे केलेले आहे.

११५६ साली रावळ जैसल ह्या भाटी राजाने त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधला. नदी नाही, पाऊस नावाला, जमीन खडकाळ. अशा जागी राजधानी वसविण्यात शहाणपण कोणते? शहाणपण असे, की हिंदुस्थानातून सिंधकडे जाणारी तांड्यांची वाट येथून जात होती. जो पाणी आणि पहारा देईल त्याला दाण, म्हणजे जकात, द्यावीच लागे. कर्नल टॉडने १८३२ साली छापलेल्या आपल्या राजस्थानच्या इतिहासात ह्या वाटेवरच्या मालाची यादीच दिली आहे. दुआबातील नीळ, कोटा आणि माळव्याची अफू, बीकानेरची खडीसाखर, जयपूरची लोखंडी अवजारे तिकडे जात. तिकडून हस्तिदंत, खजूर, नारळ, औषधी आणि चंदन इकडे येत. पटवा घराण्यातल्या गुमानचंद शेठजींनी १८०५ मध्ये बांधावयास घेतलेल्या हवेल्यांची जाळीदार नक्षी लोक तोंडात बोट घालून पाहतात. एकेका गवाक्षाचे वजन उंटाच्या पाठीने वाहिलेले आहे, असे मला ती पाहताना वाटत होते.

मग ही वाट मेली कशी? येथे आपला, मराठी माणसाचा, संबंध येतो.

अफूचे उदाहरण घ्या. माळव्यातली ही अफू शिंदे-होळकरांच्या मुलखात पिके. ती सारी मुंबई बंदरातून चीनला जावी आणि वाटेत आपल्याला कर मिळावा, अशी कंपनी सरकारची इच्छा. व्यापारी कसले ऐकतात! त्यांनी पेट्या उंटांवर घातल्या आणि पाली, जैसलमेर करीत वाळवंट ओलांडून कराची गाठली. तेथून गलबताने पोर्तुगीजांचे दमण, आणि दमणहून चीन. नकाशा उघडून हा फेरा बोटाने काढून पाहावा. उज्जैनचा माल दमणला जाण्यासाठी आधी शेकडो मैल उलट दिशेला जातो! तरीही तो स्वस्त पडे. म्हणून कंपनीला आपला कर उतरवावा लागला. १८३५ साली तो पेटीमागे १२५ रुपयांवर आला. पुढे १८३९ मध्ये इंग्रजांनी कराची घेतली, १८४३ मध्ये नेपियरने सारा सिंध घशात घातला, आणि ही वाट बुजली. लगेच त्या वर्षी कर २०० झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. चौथीतला मुलगाही वजाबाकी करील. उंटाची वाट चालू होती, तोवर तिच्या धाकाने पेटीमागे पावणेतीनशे रुपये वाचत होते.

तो माल काही तुळशीपत्र नव्हता. चीनमधल्या लाखो घरांची त्याने राखरांगोळी केली. पण त्याचा पैसा त्यानंतर आला कोठे, हे विसरून चालत नाही. तो मुंबईला आला. सर जमशेटजी जीजीभाईंच्या मोठेपणाच्या पायात चीनशी केलेला अफूचा व्यापार आहे, आणि त्यांच्या दानातून १८४५ मध्ये उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय आजही गोरगरिबांना औषध देते. मुंबईचा गोदीधक्का वाढला, आगगाडी आली, मारवाडचे शेठ एकामागून एक मुंबई-कलकत्त्याला उतरले, आणि जैसलमेरच्या हवेल्यांना कुलपे लागली. गावातल्या गल्ल्यांत ‘मुंबईहून आलात का?’ असा प्रश्न मला चार जणांनी विचारला. हो म्हणताना जीभ किंचित जड होत होती.

कुलधऱ्याविषयी थोडे सांगतो. जीप तेथे वीस मिनिटे थांबते. सरळ रेघेत आखलेल्या गल्ल्या, छप्पर नसलेली दगडी घरे, एक देऊळ. हे पालीवाल ब्राह्मणांचे गाव. दिवाण सालमसिंगाची नजर गावच्या मुलीवर गेली, तेव्हा चौऱ्याऐंशी गावे शाप देऊन एका रात्रीत उठून गेली, असे वाटाड्या सांगतो. कादंबरीकाराला ही कथा आयती आहे. पण मला मोह झाला तो त्यांच्या शेतीचा. पालीवाल ‘खडीन’ बांधीत. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालावयाचा, पावसाचे पाणी त्यामागे अडवावयाचे, ते जिरू द्यावयाचे, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा काढावयाचा. विहिरीवाचून, पाटावाचून! अशी माणसे एका रात्रीत जमीन सोडतील, हे माझ्या मनाला पटत नाही. सालमसिंगाच्या जुलमी वसुलीबद्दल टॉडनेच लिहून ठेवले आहे. पाणीही आटत चालले असावे. गावे एका रात्रीत मोकळी होत नाहीत, ती घराघराने रिकामी होतात. आमच्या कोकणात हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

समला पोहोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. वाळूच्या कडेला पन्नास-साठ उंट रांगेने बसलेले. माझ्या वाट्याला आलेला उंट जैसलमेरी जातीचा, सडपातळ आणि उंच. बीकानेरी उंट त्याहून दांडगा, ओझ्याचा. पलाणावर बसलो. उंट आधी मागले पाय उभारतो, त्यामुळे बसणारा त्याच्या मानेवर कोसळतो. मग पुढले उभारतो, तेव्हा तो मागे आपटतो. ह्या दोन झटक्यांत माणसाचा सारा दिमाख खाली सांडतो. चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, म्हणून बसणारा नावेत बसल्यासारखा डुलत राहतो. उंटवाला मात्र दोर धरून पुढे पायी चालत होता. आम्ही बसलेले, तो चालणारा.

अशा वेळी मला हुमायून बादशहा आठवला. १५४२ च्या ऐन उन्हाळ्यात राज्य गमावून तो ह्याच वाळवंटातून सिंधकडे परतत होता. जैसलमेरकरांनी वाटेतल्या विहिरी वाळूने बुजविलेल्या, माणसे तहानेने मरत होती. बेगम हमीदाबानू गरोदर. तिला नीट घोडा नव्हता. हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिने लिहून ठेवले आहे, की एका सरदाराकडे घोडा मागितला असता त्याने तो दिला नाही. तेव्हा बादशहाने आपला घोडा बेगमेला दिला आणि स्वतःसाठी जौहर नावाच्या पाणक्याचा उंट मागितला. हे कानावर येताच दुसऱ्या एकाने आपल्या आईला उंटावर बसविले आणि तिचा घोडा बादशहाला आणून दिला. बादशहाने उंटावर बसावे, ही सोबतच्यांना नामुष्की वाटली! पुढे १५ ऑक्टोबर १५४२ रोजी उमरकोटला अकबराचा जन्म झाला. बादशहाची जी नामुष्की, तिच्यासाठी आम्ही आज पैसे मोजतो आणि वर छायाचित्रे काढून घेतो.

ते उमरकोट आता सरहद्दीपलीकडे आहे. १८४३ ने ह्या वाटेचा व्यापार नेला, १९४७ ने वाटच नेली. इकडच्या गावांची सोयरीक तिकडे, तिकडची इकडे. मुनाबावरून सिंधमध्ये जाणारी आगगाडी १९६५ च्या युद्धात बंद पडली, ती २००६ मध्ये पुन्हा धावू लागली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये परत थांबली. माझ्या उंटवाल्याची आत्या तिकडे दिली होती. ती वारली, हे त्याला सहा महिन्यांनी कळले. हे त्याने मागे वळून न पाहता, चालता चालता सांगितले.

लष्कराने उंट टाकला नाही. बीकानेरच्या महाराजा गंगासिंहांची ‘गंगा रिसाला’ ही उंटस्वारांची पलटण १९१५ मध्ये सुएझ कालव्यावर लढली, आणि सीमा सुरक्षा दलाचे जवान आजही ह्या वाळूत उंटावरून गस्त घालतात. बाकी लोकांना मात्र उंट पुन्हा दिसू लागला तो सिनेमामुळे. सत्यजित रायांचा ‘सोनार केल्ला’ १९७४ मध्ये आला, त्यात उंटावरून रपेट आहे, आणि बंगाली मंडळींची जैसलमेरला रीघ लागली.

जेवणाला बाजरीची भाकरी, दाल-बाटी, कढी आणि केर-सांगरीची भाजी होती. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तिची भाजी मी प्रथमच खाल्ली. संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, ‘छप्पनिया’ दुष्काळात इकडच्या लोकांनी खेजडीची सालही दळून खाल्ली होती. ती भाजी मी पुन्हा मागून घेतली.

गाणारे मांगणियार होते. धर्माने मुसलमान, पण पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी जन्माची आणि लग्नाची गाणी म्हणणारे, यजमानाची वंशावळ मुखोद्गत असणारे. कोमल कोठारी (१९२९-२००४) ह्या संशोधकाने त्यांची आणि लंगांची गाणी गोळा केली, त्यांना देशापरदेशांत नेले, म्हणून आज आपल्याला त्यांची नावे ठाऊक आहेत. कमायचावर गज ओढीत म्हाताऱ्याने सूर धरला, तेव्हा अंगावर काटा आला. दोन गाण्यांनंतर व्यवस्थापकाने खूण केली, आणि सिनेमातले गाणे सुरू झाले. म्हाताऱ्याने कमायचा गवसणीत घालून ठेवला. ज्याची वंशावळ गायची असा यजमान तेथे नव्हता; आम्ही एका रात्रीचे यजमान होतो.

जेवणानंतर जीपला अवकाश होता, म्हणून मी उंटांकडे गेलो. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९ मध्ये ते अडीच लाखांवर आले. त्यांतले दोन लाख तेरा हजार राजस्थानात. २०१४ मध्ये तेथील सरकारने उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ मध्ये कायदा करून त्याची कत्तल आणि राज्याबाहेरची विक्री बंद केली. हेतू चांगला होता. पण नांगराला ट्रॅक्टर आले, ओझ्याला ट्रक आले, आणि बाहेरचे गिऱ्हाईकही तुटले. मग नर उंट पाळावयाचा कशासाठी, असे पाळणारे विचारतात.

उंटवाला पलाण उतरवून उंटाची पाठ चोळीत होता. “ह्याच्यानंतर दुसरा घेणार का?” मी विचारले.

“मास्टरजी, माझ्या बापाकडे चाळीस होते,” तो म्हणाला. “माझ्याकडे दोन आहेत. मुलगा जीप चालवतो. तुम्ही आलात ना, तीच.”

इतक्यात त्याच जीपचा भोंगा वाजला. उंटाने मान वळवून एकदा तिकडे पाहिले आणि पुन्हा पुढ्यातल्या गवारीच्या भुशात तोंड घातले.