कंबर, मिरची आणि अफू

मराठी माणसाला दोन गोष्टी वारशाने मिळतात : कुलदैवत आणि कंबरदुखी. पहिल्यापुढे वर्षातून एकदा वाकले की भागते. दुसरी वाकूच देत नाही.

वेदनेवर जालीम उपाय अफूचा, हे माणसाला हजारो वर्षे ठाऊक आहे. मुंबईला तर जरा जास्तच. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारात श्रीमंत झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ साली मुंबईत रुग्णालय उभे राहिले. म्हणजे तिकडे चिनी माणूस आजारी पडला आणि इकडे मुंबईकर बरा झाला! अफूची खोडच ही : दुखण्याला घराबाहेर काढते आणि स्वतः मुक्काम ठोकते.

त्याच मुंबईत १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्रातल्या गृहस्थांनी अमृतांजन काढले. गाण्याच्या बैठकांतून ते फुकट वाटत. श्रोत्यांची डोकी कधी दुखतात, याचा त्यांचा अभ्यास दांडगा असावा.

बामातल्या मेंथॉलने गार का वाटते, हे कळायला मात्र शंभरावर वर्षे गेली. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला मज्जातंतूंवरचे एक प्रथिन सापडले. मिरची आणि चटका, दोन्हींनी ते सारखेच खवळते. २००२ साली ज्युलियस आणि आर्देम पटापूटियन यांनी स्वतंत्रपणे मेंथॉल आणि थंडी ओळखणारे प्रथिन शोधले. २०२१ साली दोघांना नोबेल मिळाले. नसांच्या जुनाट दुखण्यावर आता मिरचीच्या सत्त्वाची पट्टी लावतात. तंतूला इतके ओरडायला लावायचे, की शेवटी तो गप्प बसतो. काही वक्त्यांवर हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत सुझेट्रिजिन या गोळीला परवानगी मिळाली. हिच्यात अफूचा अंश नाही. दुखण्याची बातमी मेंदूला पोचण्याआधी ती वाटेतच अडवते. पण परवानगी फक्त ताज्या दुखण्यापुरती. जुने दुखणे अजून रांगेतच.

ही रांग पाहायची तर पावसाळ्यात तलासरी तालुक्यातल्या उधव्याला जावे. आवणीला बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. एका आजीला मी विचारले, "कंबर दुखत नाही का हो?"

"दुखते ना! पण पाऊस थांबतो का माझ्यासाठी?"

तिला गुंगी आणणारे औषध देऊन काय उपयोग? उद्या पहाटे तिला पुन्हा शेतावर जायचे असते. जुन्या दुखण्यावरचे औषध निघेल तेव्हा ते आधी उधव्याला पोचावे. आमच्या खुर्चीतल्या कंबरा थांबतील थोड्या.