भाताचा बॅकअप सर्व्हर

न्हावा शेवा म्हटलं की डोळ्यांसमोर कंटेनर येतात, नाहीतर अटल सेतू. पण १९८९ मध्ये बंदर सुरू व्हायच्या आधी या पट्ट्यात मिठागरं होती आणि भात होता. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असतो. मला मात्र आज त्या भाताबद्दल लिहायचंय.

कोकणात भाताची ओळख मुदतीवरून करतात: हळवं, निमगरवं, गरवं. जुन्या गरव्या भाताची गंमत अशी, की पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी फुलोरा साधारण ठरल्या वेळीच, पाऊस ओसरताना. कारण रोप दिवसाची लांबी मोजतं! आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, ऑक्टोबरात बाराच्या आत. वनस्पती असा हिशोब ठेवतात हे अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये दाखवलं.

"आता फुला" हा निरोप पानाकडून शेंड्याला नेणारं भातातलं प्रथिन २००७ मध्ये जपानी संशोधकांनी पकडलं. त्याचं जनुक एचडी३ए. पण सहाव्या गुणसूत्रावर त्याच्या अगदी शेजारी जवळपास तसंच दुसरं जनुक बसलंय, आरएफटी१. २००८ मध्ये त्यांनी लहान दिवसांत वाढवलेल्या रोपांतलं पहिलं दाबलं. फुलोरा लांबला, पण आला, ९० दिवसांनी. एरवी झोपा काढणाऱ्या आरएफटी१ने काम उचललं होतं. दोन्ही दाबल्यावर ३०० दिवस झाले तरी फूल नाही.

आपण लगेच म्हणणार, स्टँडबाय सर्व्हर! पण त्याची एएमसी कोण भरतंय? निसर्गात मॅनेजर नाही. रिकाम्या बसलेल्या प्रतीत बिघाड साचतात आणि ती शेवटी डेड कोड होते. मग ही प्रत टिकली कशी? याचं एक उत्तर फोर्स, लिंच वगैरे मंडळींनी १९९९ मध्ये सुचवलं होतं: प्रती कामं वाटून घेतात, मग कुठलीच काढता येत नाही. भातात तसंच निघालं. २००९ मध्ये कळलं, की दिवस मोठे असताना मुख्य काम आरएफटी१च करतं. म्हणजे हा बॅकअप नव्हेच, या दोन पाळ्या आहेत. एकीचा माणूस आला नाही तर दुसरीचा कसंबसं निभावतो, इतकंच. भाताला फुलायला मोसम एकच मिळतो, तो हुकला तर पुढच्या वर्षीचं बी नाही.